फ्लॅश साठवण झिजते का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत हार्ड डिस्कऐवजी संपूर्ण फ्लॅश (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी) साठवणयंत्रणा घेण्याचा प्रस्ताव आहे. वारंवार लिहिल्याने फ्लॅश झिजते म्हणतात. मग ती घ्यावी का?

उत्तर : झीज खरी आहे, कारण फ्लॅशमध्ये जुन्या माहितीवर थेट लिहिता येत नाही, आधी संपूर्ण ब्लॉक (साठवणीचा एक गट) पुसावा लागतो आणि प्रत्येक पुसण्यागणिक त्याचे आयुष्य घटते. मात्र कंट्रोलर (फ्लॅशचे काम सांभाळणारी चिप) हे लेखन सर्व ब्लॉकांत विभागतो आणि राखीव जागाही वापरतो, त्यामुळे पतसंस्थेच्या व्यवहारांना ही झीज सहसा जाणवत नाही. शिवाय फ्लॅश वेगवान आहे : मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही माहितीपर्यंत पोहोचण्यास काही मिलिसेकंद लागतात; फ्लॅशला एकाहूनही कमी. खरी सावधगिरी क्षमतेबाबत बाळगावी : विक्रेते संक्षेपण (माहिती कमी जागेत बसवणे) गृहीत धरून आकडा सांगतात, पण आधीच कूटबद्ध केलेली (सांकेतिक रूपात बदललेली) माहिती जवळजवळ संक्षेपित होत नाही. बॅकअप अर्थातच वेगळा ठेवावा.