उजव्या हाताच्या माणसाने डाव्या खांद्यावरूनही रायफलीचा सराव करावा का?

तुम्ही निपाणीच्या कॉलेजात एनसीसीत आहात, उजव्या हाताचे आहात, पॉइंट टू-टूचा (.२२ रायफलीचा) ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या गोळ्यांचा घोळका, कधी जमतो तर कधी विखुरतो. दोन्ही खांद्यांवरून सराव केला की नेम सुधारतो असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का, असं विचारताय. मी मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढली, आता येळ्ळूरला भात बघतो. माझं म्हणणं एवढंच की आधी डोळा तपासा, खांद्याचं मग बघू.

दोन्ही हात समोर ताणा आणि तळव्यांच्या बेचक्यात बोराएवढं भोक ठेवा. आम्ही शेतातनं राजहंसगडावरचा महाराजांचा पुतळा धरतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पुतळा भोकात आणा, मग एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर पुतळा गायब होतो, तो तुमचा नेमाचा डोळा. उजवा हात पण डोळा डावा अशी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांच्या गोळ्या विखुरण्याचं कारण बरेचदा तेच निघतं. तसं निघालं तर दोन वाटा : डाव्या डोळ्यासमोर चष्म्याला कागदाची पट्टी लावून उजव्याच खांद्यावर राहायचं, नाहीतर कायमचं डावीकडं जायचं. आज हा, उद्या तो, असं केलंत की दोन्हीकडचं बिघडतं.

स्पर्धेत तर एकच खांदा. दहा मीटर एअर रायफलला पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात, मधल्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. जॅकेट, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा), बटावरची गालाची पट्टी सगळं एका बाजूला बेतलेलं. तिथं दुसरा खांदा काय कामाचा?

पायदळात मात्र तो लागतो. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावरनं उजव्या खांद्याने नेम धरला की अर्धं अंग बाहेर येतं, डाव्याने धरला की डोकं आणि नळी तेवढी. म्हणून आम्हाला खांदा बदलायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, डाव्या हातात विळा देऊन भात कापायला लावलंय. बट (रायफलीचा मागचा दांडा) खांद्याच्या खळग्यात बसायचा सोडून दंडावर घसरायचा, गाल बटावर टेकायच्या आधीच डोळा मिटायचा. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, नळीच्या टोकाशी रुपयाचं नाणं ठेवायचे, रिकाम्या रायफलीचा घोडा दाबायला लावायचे. उजवीकडनं नाणं हलायचं नाही. डावीकडनं पंधरा दिवस टण्णकन खाली. आमच्या इन्सास रायफलीची सेफ्टी (घोडा अडवणारी कळ) डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याखाली येते. डाव्या हाताने पकडली की तो अंगठा भलतीकडेच असतो. गोळीचं रिकामं टरफल उजवीकडं उडतं, म्हणजे डाव्या खांद्यावर तुमचा चेहरा ते बाहेर पडतं त्या खिडकीच्या बाजूला. तुमच्या टू-टूचा बोल्टही (गोळी भरायला मागंपुढं ओढायचा दांडा) उजवीकडं आहे, त्यामुळं प्रत्येक गोळीला आधाराचा हात काढा, नाहीतर डावा हात वरनं पलीकडं न्या.

तरी हौस असेल तर घरी कुदळीचा दांडा घ्या. खळग्यात टेकवा, गाल खाली, दम अर्धा सोडून थांबा, पुन्हा उतरवा. दिवसाला २० वेळा डावीकडनं पुरे, उजवीकडनं त्याच्या तिप्पट. रायफल हातात आली की आधी चेंबर (गोळी बसते ती जागा) बोटाने आणि डोळ्याने तपासायचं, नळी बट्टाकडेच, म्हणजे निशाणामागच्या मातीच्या बांधाकडे. टू-टूचा रिकामा घोडा मात्र उस्तादांना विचारल्याशिवाय दाबू नका. तिची पिन काडतुसाच्या कडेवर मारते, चेंबर रिकामं असलं की चेंबरच्याच काठावर आपटू शकते. आणि रेंजवर न विचारता खांदा बदललात तर शिट्टी वाजेल, शिव्या वेगळ्या.

गड दिसत नसेल तर गावची पाण्याची टाकी धरा, आणि कुठला डोळा निघाला ते लिहा की.