टाळीचं वाक्य

प्रश्न : महापालिका निवडणुकीच्या वेळी कोथरूडात एका उमेदवाराच्या सभेला गेलो होतो. चाळीस मिनिटं भाषण झालं, मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पाण्याचं काय म्हणाले?" मला काही सांगता येईना. आठवत होतं ते एकच वाक्य : "पाणी देईन, रस्ता देईन, शब्द देईन!" असं का होतं? मी फसलो का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : फसला नाहीत, गुंगलात. वाक्य बेतलंय मात्र झकास. तीन तुकडे, प्रत्येकाच्या शेवटी ‘देईन’. दुसऱ्या ‘देईन’ला कान ताल पकडतो, तिसऱ्याला हात आपोआप वर येतात, गाण्यात सम आली की मान डोलते, तसंच. आणि टाळीच्या त्या हुकमी जागी त्यांनी ठेवलं काय? शब्द. फुकटची वस्तू!

अनुप्रास, यमक, विरोध हे सगळं आपण शाळेत कवितेत शोधून दोन गुण मिळवले; व्यासपीठावर ओळखायला कुणी शिकवलं नाही. (मीही तीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा त्या ‘कुणी’त मीही आलोच.)

पण मला विचाराल, तर मराठी वक्त्याचं सगळ्यात धारदार हत्यार एका अक्षराचं आहे. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.’ शेवटचा ‘च’ काढा. ‘तो मी मिळवणार आहे.’ झाला की नाही गर्जनेचा रेशनकार्डाचा अर्ज? दुसरं हत्यार प्रश्नाचं. 1897 साली प्लेगच्या दिवसांत रँडवर गोळी झाडली गेली, सरकारने पुण्यावर बडगा उगारला आणि ‘केसरी’त मथळा आला : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ तो अग्रलेख होता, भाषण नव्हे. युक्ती मात्र सभेतलीच. ‘नाही’ हे उत्तर वाचणाऱ्याने आपल्या मनात दिलं. स्वतः दिलेलं उत्तर कोण विसरेल?

14 ऑगस्ट 1947च्या रात्री नेहरू संविधान सभेत म्हणाले, मध्यरात्रीच्या ठोक्याला जग झोपलेलं असताना भारत जागा होईल. खरं तर तेव्हा लंडनला संध्याकाळ होती, न्यूयॉर्कला दुपार. पण झोप आणि जाग समोरासमोर उभी राहिली की घड्याळ बघतो कोण! मला ते खुपत नाही; प्रसंगच तेवढा मोठा होता.

खुपतं ते माझंच एक परीक्षण. शाळांच्या एका वक्तृत्व स्पर्धेत एका मुलाने दर दोन मिनिटांनी ‘मित्रांनो, जागे व्हा!’ म्हणून सभागृह दणाणून सोडलं. मी पहिला नंबर दिला. नंतर चहा घेताना शेजारच्या परीक्षक बाईंनी विचारलं, "विषय काय होता हो त्याचा?" मी गुणपत्रिका उलटीसुलटी केली. ‘आशय’च्या रकान्यात 25 पैकी 22 गुण माझ्याच अक्षरात, आणि शेजारी टीप एकही नाही.

तेव्हापासून टाळीचं वाक्य आलं की ते मी ताल काढून, दूधवाल्याशी बोलतो त्या भाषेत मनात म्हणून बघतो. तुमच्या उमेदवाराचं असं होतं : ‘पाणी येईल.’ किती वाजता, रोज की दिवसाआड, तिसऱ्या मजल्यावर चढणार का? वहिनींनी हेच तर विचारलं होतं. पुढच्या सभेला त्यांना घेऊन जा, आणि पुढच्या रांगेत बसवा.