टर्ट प्रमोटरमधील ‘−१२४’ नेमके कोठून मोजायचे?

आपला प्रश्न असा आहे की, मानवी टर्ट जनुकाच्या (टेलोमरेज या विकराचा घटक बनवणाऱ्या) प्रमोटरमधील, म्हणजे जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या डीएनए-भागातील, कर्करोगाशी संबंधित बदल शोधनिबंधात ‘−१२४, सीच्या जागी टी’ असा लिहिलेला आहे, तर जीनोमच्या डेटाबेसमध्ये तोच ‘गुणसूत्र ५, स्थान १२,९५,११३, जीच्या जागी ए’ असा दिसतो. शिवाय उणे चिन्ह असूनही हे स्थान जनुकाच्या आरंभापेक्षा मोठ्या क्रमांकावर कसे? दोन्ही नोंदी अचूक आहेत. फक्त त्यांचे मोजणीचे आरंभबिंदू आणि वाचनाचे स्ट्रँड (डीएनएच्या दोन पूरक साखळ्या) वेगळे आहेत.

जीनोमचे क्रमांक गुणसूत्राच्या एका टोकापासून वाढत जातात आणि कोणते जनुक कोणत्या दिशेने वाचले जाते याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. अपस्ट्रीम (मागील बाजूस) आणि डाउनस्ट्रीम (पुढील बाजूस) या संज्ञा मात्र त्या त्या जनुकाच्या लिप्यंतरणाच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याच्या, दिशेवरून ठरतात. टर्ट हे उणे स्ट्रँडवरील जनुक असल्यामुळे त्याचे लिप्यंतरण घटत्या क्रमांकांकडे जाते, म्हणून त्याचे अपस्ट्रीम म्हणजे मोठे क्रमांक. एटीजी या आरंभ-कोडॉनमधील (प्रथिनाची माहिती जेथून सुरू होते त्या तीन बेसमधील, म्हणजे डीएनएच्या अक्षरांमधील) ए सध्याच्या जीआरसीएच३८ आवृत्तीत १२,९४,९८९ वर आहे. त्यात १२४ मिळवले की १२,९५,११३ येते. शोधनिबंध जनुकाचा कोडिंग स्ट्रँड वाचतो, डेटाबेस संदर्भ-जीनोमचा अधिक स्ट्रँड वाचतो, आणि दोन स्ट्रँडवरील बेस सी-जी व टी-ए अशा जोड्यांत असतात, त्यामुळे सीसमोर जी आणि टीसमोर ए दिसणे स्वाभाविकच आहे. या बदलाचे ‘सी२२८टी’ हे रूढ नाव तर जुन्या एचजी१९ आवृत्तीतील १२,९५,२२८ या स्थानाच्या शेवटच्या तीन अंकांवरून पडले आहे. आवृत्ती बदलली, नाव तसेच राहिले, आणि नवख्यांचा गोंधळ वाढला.

आता आरंभबिंदूविषयी, कारण खरी गफलत बहुधा येथेच होते. प्रमोटरच्या अभ्यासात लिप्यंतरण जेथे सुरू होते त्या बेसला +१ म्हणतात; उत्परिवर्तनांच्या नामकरणात मात्र एटीजीमधील ए हा १ असतो. टर्टचे −१२४ दुसऱ्या पद्धतीचे आहे. दोन्ही पद्धतींत शून्य नसते. १ च्या लगेच आधीचा बेस −१ असतो.

ई. कोलाय या जीवाणूच्या लॅक ओपेरॉनमध्ये (एकत्र लिप्यंतरित होणाऱ्या जनुकांच्या गटात) हा फरक स्वच्छ दिसतो. तेथे लॅकझेड या पहिल्या जनुकाच्या एटीजीमधील ए हा लिप्यंतरणाच्या मोजणीत +३९ वर येतो. रिप्रेसर (लिप्यंतरण रोखणारे प्रथिन) ज्यावर बसतो तो मुख्य ऑपरेटर ओ१ हा +१ ते +२१ असा पसरलेला असून त्याचा मध्य +११ आहे. हाच मध्य एटीजीपासून मोजला तर −२८ होतो. म्हणजे लिप्यंतरणाच्या आरंभाच्या डाउनस्ट्रीम असलेली जागा निव्वळ मोजणी बदलल्यामुळे उणे चिन्हाची होते; तेव्हा केवळ चिन्ह पाहून ‘हा भाग आरएनएमध्ये उतरत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. ओ३ या दुसऱ्या एका ऑपरेटरचा मध्य ओ१ च्या मध्यापासून ९२ बेस अपस्ट्रीम आहे. सरळ वजाबाकीने −८१ येते, पण शून्य नसल्यामुळे प्रत्यक्षात तो −८२ असतो. सीएपी या लिप्यंतरणाला चालना देणाऱ्या प्रथिनाची जागा −६१.५ अशी लिहिलेली आढळेल. ती छपाईची चूक नव्हे, तर सममित जागेचा मध्य −६१ आणि −६२ यांच्यामध्ये पडतो एवढाच तिचा अर्थ.

आपल्या अहवालात जीनोमची आवृत्ती, आरंभबिंदू आणि स्ट्रँड या तिन्हींचा उल्लेख अवश्य करावा. बंधनस्थळ (प्रथिन डीएनएवर बसते ती जागा) शोधताना मात्र दोन्ही स्ट्रँड तपासावेत. टर्टमधील या बदलाने ईटीएस कुळातील, लिप्यंतरणाचे नियमन करणाऱ्या, प्रथिनांसाठी नवी जागा तयार होते. तिचा जीजीएए हा गाभा विरुद्ध स्ट्रँडवर असतो, आणि कोडिंग स्ट्रँड वाचणाऱ्याला तो टीटीसीसी असा दिसतो.