ऋण संख्येने भागलं की असमानतेचं चिन्ह का उलटतं?

−२क्ष < ६ चं उत्तर क्ष > −३ का, क्ष < −३ का नाही, असा तुमचा प्रश्न आहे. नियम पाठ करण्याआधी संख्यारेषा काढा. २ हा ५ च्या डावीकडे आहे. दोघांना −१ ने गुणलं की दोघंही शून्याच्या पलीकडे जातात, आणि आता −२ हा −५ च्या उजवीकडे असतो. आरशात डावं-उजवं बदलतं ना, तसंच. −२ ने भागणं म्हणजे २ ने भागून −१ ने गुणणंच, म्हणून चिन्ह उलटतं.

अजूनही पटत नसेल तर ऋण संख्येने भागूच नका. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा: ० < ६ + २क्ष. मग −६ < २क्ष, म्हणजे −३ < क्ष. चिन्हाला हातही लावला नाही आणि उत्तर तेच आलं! मला ही रीत फार आवडते.

खरी फसगत पुढे, बहुपदींच्या असमानतेत होते. क्ष² > ३क्ष दिसलं की बहुतेक मुलं क्ष ने भागून क्ष > ३ लिहितात. पण क्ष = −१ घेऊन बघा: १ > −३, हेही बरोबर. ही उत्तरं निसटली, कारण क्ष धन आहे की ऋण हे माहीत नसतानाच भागाकार केला. त्याऐवजी सगळं एका बाजूला आणून अवयव पाडा: क्ष(क्ष − ३) > ०. गुणाकार धन म्हणजे दोन्ही अवयव धन किंवा दोन्ही ऋण. म्हणून क्ष > ३ किंवा क्ष < ०.

उत्तर आल्यावर त्यातली एक आणि त्याबाहेरची एक किंमत मूळ असमानतेत घालून पाहाच. अर्धा मिनिटही लागत नाही.