बेसबॉलचा हंगाम लांबणीवर पडला की तिथले खेळाडू आणि चाहते काय करतात?

तुमचा प्रश्न असा आहे: २०२० मध्ये आयपीएल मार्चवरून सप्टेंबरवर गेली, तेव्हा आपण ते महिने कसेबसे काढले. बेसबॉल तर रोज चालतो म्हणतात. मग त्यांचा हंगाम लांबतो तेव्हा लोक करतात काय? आणि १ डिसेंबर २०२६ ला मालक आणि खेळाडूंचा करार संपतोय, तर पुन्हा तीच वेळ येईल का?

मी मूळची अमरावतीची. शाळेत सॉफ्टबॉल खेळले, त्यामुळे बेसबॉलचे नियम इथे येण्याआधीच बऱ्यापैकी कळत होते. गेली बारा वर्षं अमेरिकेत सेंट लुईसमध्ये राहते आणि कार्डिनल्स हा माझा संघ. २०२० चा लांबलेला हंगाम आणि २०२२ ची मालकांनी केलेली टाळेबंदी, दोन्ही इथेच अनुभवलं, म्हणून लिहितेय.

तुम्ही प्रश्नात 'रोज' म्हणालात, सगळी गोम तिथेच आहे. एका संघाचे सहा महिन्यांत १६२ सामने होतात. आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी. कोणी १६२ सामने डोळ्यांत तेल घालून बघत नाही. रेडिओ लावलेला असतो, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, भांडी घासायची, अंगणात पाणी घालायचं आणि मधेच आवाज चढला की हात थांबवून ऐकायचं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावावा तसं ते घरात असतं. म्हणून हंगाम लांबतो तेव्हा एखादी मोठी स्पर्धा पुढे गेली असं वाटत नाही, संध्याकाळच रिकामी होते. आयपीएल आणि बेसबॉल यांत मला हाच फरक वाटतो.

सेंट लुईसमध्ये घरच्या मैदानावरचा पहिला सामना म्हणजे सणच. शाळेत, ऑफिसात, बँकेत सगळीकडे लाल कपडे. धिप्पाड क्लाइड्सडेल घोडे गाडी ओढत मैदानाला फेरी मारतात. २०२० मध्ये तो दिवस २ एप्रिलला होता. पण १२ मार्चलाच सरावाचे सामने थांबवले गेले आणि २ एप्रिलला आमच्या गल्लीत एकही गाडी हलली नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, निवृत्त पोस्टमन. तेव्हा ऐंशी ओलांडलेले. ते प्रत्येक सामन्याची नोंद वहीत ठेवतात. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात मैदानाचा छोटा शंकरपाळा, आणि बॅटर जसजसा पुढच्या बेसवर (बेस म्हणजे धावताना गाठायचे मैदानाचे चार कोपरे) जाईल तसतशी शंकरपाळ्याची एकेक बाजू गडद करायची. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगा चेंडू तीनदा हुकवून किंवा सोडून, बाद झाला तर 'के'. बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला तर तोच 'के' उलटा. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात, म्हणून शॉर्टस्टॉपनं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर फेकून दोघांना बाद केलं तर नुसतं ६-४-३ लिहायचं. ही भाषा येत असेल तर चाळीस वर्षांनीही ते पान उघडून सामना चेंडूगणिक नाही तरी बॅटरगणिक पुन्हा उभा करता येतो.

आजोबांनी त्या एप्रिलमध्ये तेच केलं. १९८५ ची वही काढली. त्या वर्षी कार्डिनल्सनी १०१ सामने जिंकले होते आणि विन्स कोलमननं एका हंगामात ११० बेस चोरले होते, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला होता. रोज संध्याकाळी सव्वासातला, एरवी सामना सुरू होतो त्या वेळेला, आजोबा ओसरीत खुर्ची टाकून त्या तारखेचं पान मोठ्यानं वाचायचे. मी कुंपणाच्या अलीकडे सहा फुटांवर उभी असायचे. 'कोलमन चार बॉलवर पहिल्या बेसवर. दुसरा बेस चोरला. मॅगीचा फटका, कोलमन घरी.' वाचताना आवाज अगदी रेडिओवाल्यासारखा व्हायचा. निकाल त्यांना पाठ होता, मला नव्हता. पावणेनऊच्या सुमारास वही मिटायची, 'उद्या' म्हणायचे आणि आत जायचे.

असं ज्यानं त्यानं आपापलं काही ना काही शोधलं. वाहिन्यांनी जुने सामने लावले. इथल्या लोकांनी २०११ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना कितव्यांदा पाहिला असेल देव जाणे. त्यात कार्डिनल्स दोनदा एका स्ट्राइकवर हरायला टेकले होते, तरी अकराव्या इनिंगला जिंकले. कोणी संगणकावर अख्खा हंगाम खेळून रोजचे निकाल मांडले. आणि झोप न येणाऱ्यांना कोरियानं वाचवलं. तैवानची लीग एप्रिलच्या मध्यात सुरू झाली होती, रिकाम्या खुर्च्यांवर पुतळे बसवून. कोरियाची ५ मे ला सुरू झाली आणि तिचे सामने ईएसपीएन थेट दाखवू लागलं. पहिला सामना आमच्याकडे मध्यरात्री होता, पुढचे बरेचसे पहाटे साडेचारला. मी पहाटेचा चहा घेऊन बसायचे. होमरन, म्हणजे आपल्याकडचा षटकार, मारल्यावर कोरियन बॅटर ज्या थाटात बॅट भिरकावतात तो अमेरिकेत तेव्हा फारसा चालवून घेत नसत, भांडणं व्हायची. इथल्या लोकांनी ते दोन महिने बघितलं आणि त्यांना ते आवडलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या लोकांनी 'एनसी डायनोज' हा संघ केवळ आद्याक्षरांवरून आपला मानला. त्या वर्षी कोरियात तोच संघ विजेता ठरला.

खेळाडूंचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मला त्यात किम क्वांग-ह्युन सगळ्यात जवळचा वाटतो. कोरियातला नावाजलेला पिचर, म्हणजे गोलंदाज, २०१९ च्या डिसेंबरमध्ये कार्डिनल्सनी त्याच्याशी करार केला. आयुष्यभराचं स्वप्न पुरं करायला तो इथे आला आणि सगळं बंद पडलं. घरचे कोरियात, हा सेंट लुईसमध्ये दुभाष्यासोबत. त्यात मे महिन्यात त्याचा जुना संघ तिकडे मैदानात उतरलासुद्धा, आणि हा इकडे बसून. परक्या गावात पहिलं वर्ष काढलेल्या कोणालाही ते कळेल, मला तर फारच कळलं. संघातला ज्येष्ठ पिचर ॲडम वेनराइट त्या दिवसांत त्याच्यासोबत चेंडू फेकायचा. रोज दोघं एकमेकांकडे फेकत राहायचे. यात नुसती मैत्री नाही, गरजही असते. पिचरचा खांदा आणि कोपर बटण दाबल्यासारखे सुरू होत नाहीत. वीस चेंडू, मग तीस, मग पन्नास असं आठवड्याआठवड्यानं चढवत न्यावं लागतं. सामने कधी सुरू होणार हेच माहीत नसेल तर हात किती तापवायचा आणि किती राखायचा हे कोणी सांगायचं?

ज्यांच्याकडे टीव्हीवाले बघत नाहीत त्यांचे हाल जास्त झाले. मैदानात शेंगदाणे आणि हॉट डॉग विकणारे, तिकिटं बघणारे, गवत राखणारे हे सगळे सामन्यांवर जगतात. तीसही क्लबांनी मैदानावरच्या कामगारांसाठी प्रत्येकी १० लाख डॉलर काढले, ते चांगलं झालं. खालच्या लीगमधल्या तरुण खेळाडूंना आठवड्याला ४०० डॉलर मिळत होते. ३० जूनला त्यांचा हंगाम लांबणीवर नव्हे, रद्दच झाला. विशी-बाविशीत एक अख्खं वर्ष जाणं म्हणजे काय, ते तुमच्याकडे रणजीची वाट बघणाऱ्या पोरांना विचारा. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या क्लबनं तर आपलं मैदान एअरबीएनबीवर रात्रीच्या भाड्यानं दिलं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. हंगाम लांबला याचं लोकांना इतकं लागत नाही, का लांबला याचं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये कोणीही तक्रार केली नाही. साथ होती, माणसं जात होती. पण मे-जूनमध्ये मालक आणि खेळाडू पगार कसा कापायचा आणि सामने किती खेळवायचे यावर महिनाभर भांडले, आणि तेव्हा देशात कोट्यवधी लोक बेकार झालेले होते. ओसरीवरचे आजोबा त्या दिवसांत गप्प झाले. अखेर आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ६० सामन्यांचं वेळापत्रक ठरवून टाकलं.

आजोबांच्या गप्प होण्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांच्याकडे १९८२ पासूनच्या वह्या ओळीनं लावलेल्या आहेत आणि त्यात १९९५ ची नाही. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंनी संप केला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर पहिल्यांदाच. दोन महायुद्धांत थांबली नव्हती ती पैशांपायी थांबली. संप एप्रिल १९९५ मध्ये मिटला आणि हंगाम उशिरा, १४४ सामन्यांचा झाला. लोक परत आले नाहीत. प्रेक्षक सुमारे वीस टक्क्यांनी घटले. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये तिघं मैदानात घुसले आणि त्यांनी खेळाडूंसमोर डॉलरच्या नोटा उधळल्या. आजोबांनी वहीच घेतली नाही. इथे पुष्कळ माणसं अशी रुसली होती. रुसवा हासुद्धा निभावण्याचा एक प्रकार आहे, आणि मला तो योग्य वाटतो. त्यातल्या बऱ्याच जणांना सप्टेंबर १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या कॅल रिपकननं परत आणलं. सलग २,१३१ वा सामना खेळून त्यानं जुना विक्रम मोडला, तेव्हा सामना २२ मिनिटं थांबला आणि तो मैदानाभोवती फिरून कठड्यापाशी उभ्या लोकांचे हात हातात घेत राहिला.

२०२० ला परत येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संघ पुन्हा सरावाला जमले. त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता की पादुका यंदा एसटीनं पंढरपूरला गेल्या. तिचा आवाज भरून आला होता. वारी चुकली नाही याचं समाधान आणि कोणी चाललं नाही याचं दुःख, दोन्ही एकाच वाक्यात. २४ जुलैला कार्डिनल्सचा पहिला सामना झाला तेव्हा मला तो आवाज आठवला. स्टेडियम रिकामं. स्पीकरवर व्हिडिओ गेममधल्या गर्दीचा आवाज. आपण ५-४ नं जिंकलो, आणि शेवटच्या इनिंगला चेंडू कोणाच्या हातात होता? किमच्या. दोन धावा गेल्या, पण त्यानं सामना राखला.

पाच सामने झाले आणि संघातच साथ शिरली. २९ जुलैनंतर सोळा दिवस सामना नाही. आजोबांनी १९८५ पुन्हा काढली. ६ ऑगस्टचं पान आलं तर ते कोरं. कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच शब्द, 'संप'. १९८५ मध्ये ६ आणि ७ ऑगस्टला दोन दिवसांचा संप झाला होता, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तो एक शब्द वाचला, आणि आम्ही दोघं रातकिडे ऐकत तिथेच बसून राहिलो.

१४ ऑगस्टला कार्डिनल्स ४१ भाड्याच्या गाड्यांतून, प्रत्येक जण वेगळा, जवळजवळ पाचशे किलोमीटरवर शिकागोला गेले. १५ ऑगस्टला एकाच दिवशी दोन सामने खेळले आणि दोन्ही जिंकले. तिथून ४४ दिवसांत ५३ सामने. एका दिवसात दोन असतील तर एरवीच्या नऊऐवजी सात-सात इनिंगचे, म्हणून आजोबा सातव्या रकान्यानंतर उभी रेघ मारायचे. बरोबरी झाली तर जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करायचा असा नवा नियम होता. त्याचा शंकरपाळा कसा काढायचा, यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी पहिल्या दोन बाजूंना टिंबं दिली, कारण त्या तो धावलाच नव्हता. ५८ सामन्यांत ३० विजय मिळाले आणि शेवटच्या दिवशी संघ बाद फेरीत गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठीत लॉकडाउन आणि लॉकआउट दोन्हींना आपण टाळेबंदीच म्हणतो. बेसबॉलनं दोन वर्षांच्या आत दोन्ही पाहिल्या. डिसेंबर २०२१ मध्ये करार संपला तसं मालकांनी टाळं लावलं. खेळाडूंना क्लबची व्यायामशाळाही बंद, लीगच्या संकेतस्थळावरून त्यांचे फोटोही काढले. ९९ दिवसांनी मिटलं, हंगाम आठवडाभर उशिरा पण पूर्ण १६२ सामन्यांचा झाला. डिसेंबर २०२६ मध्ये करार झाला नाही तर पुन्हा टाळं लागू शकतं. पण हिवाळ्यात सामने नसतातच, त्यामुळे फेब्रुवारीअखेरपर्यंत चाहत्यांनी घाबरून जाऊ नये. मार्चमध्येही बोलणी अडलेली असली तर मात्र काळजी करा. खालच्या लीगच्या खेळाडूंचा करार वेगळा आहे, त्यामुळे ते सामने चालू राहावेत. जपान आणि कोरिया तर आहेतच. तोवर सामन्याची नोंद ठेवायला शिका, एका दुपारी जमतं. हवं तर मी एक पान काढून फोटो टाकते.

आजोबा आता ऐकायला जरा कमी येतं म्हणून रेडिओ मोठ्यानं लावतात, मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. परवा त्यांना विचारलं, २०२७ ची वही आणून ठेवू का? म्हणाले, 'थांब जरा. १९८५ चा सप्टेंबर आपला वाचायचा राहिलाय.'