गुप्तचर खात्याची नोकरी आणि घरावरचं कर्ज

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. मुलगी इथेच जन्मली, आता अकरावीत आहे. तिला सीआयए किंवा एनएसए (इलेक्ट्रॉनिक हेरगिरी करणारी अमेरिकी संस्था) मध्ये विश्लेषक व्हायचंय. त्यासाठी वॉशिंग्टनच्या एका खासगी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घ्यायचा, अर्ली डिसिजनने अर्ज करायचा, असं तिने ठरवलंय. कॉलेजची आर्थिक मदत वजा जाता वर्षाला अंदाजे ६८ हजार डॉलर खर्च आहे. राज्याच्या विद्यापीठात ३२ हजार. तिच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचतखातं) ९५ हजार आहेत. उरलेल्या रकमेसाठी घरावर कर्ज काढावं का?

ताई, काढू नका. आणि अर्ली डिसिजनही नको. तो अर्ज बांधून घेतो. दुसरीकडून किती मदत मिळतेय हे बघायच्या आतच तुम्ही हो म्हणून बसता.

आधी हिशोब. खासगीत चार वर्षांचे २ लाख ७२ हजार. ५२९ मधले ९५ हजार वजा करा, मुलीच्या स्वतःच्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज चार वर्षांत जास्तीत जास्त २७ हजार, तेही वजा करा. तुमच्या डोक्यावर दीड लाख राहतात. पालकांना मिळणाऱ्या सरकारी पॅरेंट प्लस कर्जाला जुलै २०२६ पासून एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आहे, म्हणून घराचा विचार तुमच्या मनात आला असणार. ९ टक्के व्याज धरलं तर दीड लाखाचा हप्ता दहा वर्षं महिन्याला १,९०० डॉलर. तेच राज्याच्या विद्यापीठात, २७ हजारांचं तिचं कर्ज धरून, तुम्हाला चार वर्षांत मिळून ६ हजार घालावे लागतील. तेवढे ती उन्हाळ्यात कमावेल.

आता त्या १,९०० च्या हप्त्यासमोर तिचा पगार ठेवा. पदवीनंतर चांगल्या गुणांवर केंद्र सरकारात बहुधा जीएस-७ या पगारश्रेणीत सुरुवात होते. वॉशिंग्टन भागात २०२५ च्या तक्त्याप्रमाणे हे वर्षाला साधारण ५७ हजार डॉलर. गुप्तचर संस्था कर्मचाऱ्याचं शिक्षणकर्ज वर्षाला १० हजारांपर्यंत, एकूण ६० हजारांपर्यंत फेडू शकतात, बदल्यात किमान तीन वर्षं नोकरी. पण ती सवलत सरकारी शैक्षणिक कर्जाला आहे. घरावरचं कर्ज त्यात बसत नाही.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. या नोकरीत निवड झाली तरी गुप्त माहिती हाताळायची सुरक्षा परवानगी मिळावी लागते. तपासाला महिनोन्‌महिने जातात, पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायची चाचणी असते, आणि चांगली मुलंसुद्धा गळतात. एफबीआयमध्ये स्पेशल एजंट व्हायचं तर वय किमान २३ आणि पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. म्हणजे पहिली नोकरी बहुधा बाहेरच करावी लागणार. मग पदवी अशी हवी जिला बाहेरही किंमत आहे. सीआयए कुठल्याही एका विषयाची अट घालत नाही. संगणकशास्त्र, गणित, सांख्यिकी, अर्थशास्त्र यांपैकी तिला झेपेल आणि आवडेल ते घ्यावं आणि सोबत एक भाषा. तुमच्या लेकीने मराठी शाळेत देवनागरी गिरवली असेल तर हिंदी तिच्या हाताशी आहे, हिंदीवरून उर्दूला फार अंतर नाही. फारसी शिकली तर फारच छान. जगाच्या राजकारणाची आवड आहे ना, तो दुय्यम विषय म्हणून जरूर घेऊ दे. ती आवड मारू नका.

संगणकशास्त्राकडे वळली तर एनएसएची स्टोक्स शिष्यवृत्ती आहे. बारावीत असतानाच अर्ज करायचा. शिकवणीसाठी वर्षाला ३० हजारांपर्यंत मिळतात, उन्हाळ्यात फोर्ट मीडला, एनएसएच्या मुख्यालयात, पगारी काम, आणि शिकण्याच्या दीडपट काळ तिथे नोकरी करायचं बंधन. मधेच सोडलं तर पैसे परत करावे लागतात, हे तिला आधी नीट समजावून सांगा. मिळाली तर ५२९ मधून तेवढी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते, वाढीवर मात्र कर लागतो.

शेवटचं, पैशाबद्दलच. एसएफ-८६ नावाचा तपासणीचा फॉर्म भरताना थकलेली कर्जं, परदेशातली खाती, मालमत्ता, नातेवाईक सगळं विचारतात. भारतात आजी-आजोबा आहेत म्हणून कुणी नाकारत नाही. लपवलं तर मात्र नाकारतात. भारतातल्या बँकेच्या खात्यावर तिचं नाव असेल तर कागद काढून ठेवा, आणि परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर तिच्या नावाचा एफबार (परदेशी खात्यांची माहिती सरकारला देण्याचा फॉर्म) भरला गेलाय का ते तपासा. भारतातला एखादा फ्लॅट तिच्या नावावर करायचा बेत असेल तर तूर्त थांबा. आणि मेरीलँडमध्ये २०२३ पासून गांजा कायदेशीर असला तरी केंद्र सरकारच्या लेखी तो नाही आणि तपासणीत तेही विचारतात, हे तिच्या कानावर कॉलेजला जायच्या आधी घाला.