नीट जमली नाही म्हणून संशोधन?

प्रश्न : ताई, मुलगी दोनदा नीटला बसली पण सरकारी कॉलेज मिळेल एवढा स्कोअर नाही आला. आता म्हणते बीएस्सी करून कॅन्सरच्या रिसर्चमध्ये जाते. आजोबांना जबड्याचा कॅन्सर झालेला तिने जवळून पाहिलाय, तेव्हापासून तेच डोक्यात. घरचे म्हणतात डॉक्टर व्हायला जमलं नाही म्हणून हे काढलंय, आणि डॉक्टर नसेल तर कॅन्सरमध्ये कोण विचारतं? — एक आई, सातारा

उत्तर : घरच्यांना आधी कमल रणदिव्यांबद्दल सांगा. जन्म 1917, पुण्याचा, वडील फर्ग्युसनला बायॉलॉजी शिकवायचे आणि त्यांची फार इच्छा की पोरीनं डॉक्टर व्हावं, पण तिनं एमएस्सी केली, तीही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर! लग्नानंतर मुंबईला आल्या, टाटा हॉस्पिटलात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम, 1949 ला पीएचडी, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये, म्हणजे शरीराबाहेर न थांबता वाढत राहणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, हेला पेशी, जिथे वाढवल्या तिथे. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या परत आल्या, मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची लॅब, उभी केली, स्तनाच्या कॅन्सरचा हॉर्मोन्सशी, आनुवंशिकतेशी काय संबंध ते उंदरांवर तपासत राहिल्या. 1982 ला पद्मभूषण. एमबीबीएस नव्हत्या.

पण मुलीशी एक गोष्ट स्पष्ट बोला. आजोबांच्या आजारपणातलं तिच्या मनात नेमकं काय राहिलंय? त्यांच्याजवळ बसणं, त्यांचं दुखणं कमी करणं, की हे झालंच कसं हा प्रश्न? कारण लॅबमध्ये पेशंट भेटत नाही हो. मी वीस वर्षं लॅबमध्ये काढलीत, दिवाळीच्या दिवशीसुद्धा पेशींचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते द्रव, बदलायला गेलेय, सहा सहा महिने प्रयोग फसतो आणि बरं झालो म्हणून हात धरणारं कुणी नसतं. मला ते आवडलं. माझ्या एका मैत्रिणीला नाही सोसलं, ती पुढे हॉस्पिटलात काउन्सिलिंगला गेली आणि तिथे खुलली.

तिला माणसांतच राहायचं असेल तर कॅन्सरमधलं संशोधन तिथेही होतं. टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, निम्म्या वस्त्यांत डॉक्टर नाही तर दहावी शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या सेविका व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करायच्या, आणि त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. अशा कामात डॉक्टर लागतात तसे आकडे सांभाळणारे, घरोघरी फिरणारे, सगळेच लागतात.

आता पैशाचं. बीएस्सी तीन वर्षं, एमएस्सी दोन, पीएचडी पाच-सहा. कॅन्सरचा डॉक्टर व्हायलाही एमबीबीएस, एमडी, डीएम धरून साडेअकरा वर्षं जातातच, त्यामुळे वेळेचा हिशोब सारखाच. फरक असा की नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार सुरू होतात, पीएचडी घरच्या पैशावर करावी लागत नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात, एमएस्सी झालेली मुलं पीएचडी करतात. पीएचडीनंतर पक्की नोकरी मात्र लवकर मिळत नाही, हे तिला आत्ताच सांगा, लपवू नका.

तिसऱ्यांदा नीट द्यायची का, हे तिच्याकडूनच येऊ दे. बीएस्सीला घालणार असाल तर कॉलेजची लॅब आधी स्वतः जाऊन बघा, प्रॅक्टिकल मुलं खरंच हातानं करतात का ते तिथल्या मुलांना विचारा. आणि काय ठरलं ते मला नक्की कळवा.